कुरण कोरडं होणारच

१२ मे
ओढ्यावर बीव्हरनं बांध घातलाय. खालच्या कुरणात घोटाभर पाणी. लीगोच्या सणाला, २३ जूनला, तिथेच आमच्या लेकीचं, मादाराचं लग्न. बायको, स्काइद्रीते, म्हणाली, मांडव शेजारच्या ओयार्सच्या टेकाडावर घालू. तिला यातलं काय कळतं? अख्खी नोकरी मी निचरा खात्यात काढली, निम्मा लाटव्हिया कोरडा केला. एका थोराड उंदराला भिऊ? लेकीला फोन केला : निर्धास्त राहा.

१३ मे
बांध फोडला. पाणी धो धो गेलं. कंबर धरली. विषय संपला.

१४ मे, सकाळी
बांध परत उभा. कालच्यापेक्षा उंच. माझं फावडंही त्यात चिणलंय. ओढून पाहिलं, निघेना. काम मजबूत आहे, नाही म्हणवत नाही.

२० मे
शास्त्रीय उपाय : बांधावर रेडिओ लावून ठेवला. माणसाच्या आवाजाला हे प्राणी बिचकतात. शेजारचा ओयार्स म्हणाला, "बीव्हरची जोडी रेडिओपाशी बसून निवांत साल सोलत होती. झोप माझी उडाली!" ओयार्स शिकारी आहे. सध्या शिकार बंद, म्हणून तोंड चालू.

२ जून
बांधातून पाइप घातला. स्काइद्रीते म्हणे, तोंडाला जाळी लाव, नाहीतर बुजवतील, टीव्हीवर दाखवलं होतं. टीव्ही!

३ जून
पाइप बुजला. जाळी लावायचं माझ्या मनात होतंच. दुसऱ्या टप्प्यात.

९ जून
जाळी लावली. पाणी उतरलं! स्काइद्रीते काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

१२ जून
बीव्हरांनी खालच्या अंगाला दुसरा बांध घातला. पाइप पाण्यात बुडाला, कुरण गुडघाभर. नेमका मादाराचा फोन. म्हटलं, किरकोळ ओल आहे.
"बाबा, बेडूक कुठे ओरडतायत?"
"लांब."
"तू कुठे उभा आहेस?"
"...कुरणात."
फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. तिकडे रीगात सर्दीची साथ असावी. मला जेवण गेलं नाही.

१८ जून
मांडव टेकाडावर हलवायचा, असा मी ठाम निर्णय घेतला. सांगायला गेलो तर स्काइद्रीते आणि ओयार्स शेवटचा खांब ठोकत होते.

२४ जून
लग्न झालं. कुणाचेही पाय ओले झाले नाहीत, हे नियोजनाचं यश. मादारा माझ्याबरोबर दोनदा नाचली. बिअर संपली, जिऱ्याचं चीज संपलं, आणि मग सगळं वऱ्हाड टेकाडाच्या कडेला जाऊन खाली बघत उभं राहिलं. पाण्यात आभाळ उतरलेलं, वर बदकं. व्याही भारावले. म्हणाले, "काय सुंदर तळं आहे हो! बांधलं कुणी?"
मी घसा साफ केला.
स्काइद्रीते म्हणाली, "ह्यानं नाही."