काचेच्या दाराबाहेर

प्रिय बाबा,

अभिनंदनाचे फोन घेऊन कान किटले. मुलगी मुख्याध्यापिका झाली म्हणून आई साऱ्या गोतावळ्याला कळवत सुटली आहे, आणि मला मात्र सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. कपाट आवरायला घेते, अर्धवट सोडते. चहा करते, तो गार होतो. समोर बसून बोलायला गेले की तू टपली मारून वेडाबाई म्हणतोस आणि विषयच संपतो. म्हणून हे लिहितेय.

कालच्या मुलाखतीसाठी मी महिनाभर जिवाचं रान केलं होतं. वाचनात मागे पडणाऱ्या मुलांसाठी अख्खा आराखडा केला होता. आणि तुझ्या शाळेच्या मंडळानं विचारलं काय? तर बाबांचा गुडघा कसा आहे! डॉक्टरकाकांनी माझ्या सायकल शिकण्याची गोष्ट रंगवून सांगितली. ज्यांच्या खांद्यावर बसून मी मोठी झाले, ते मंडळाचे स्वतंत्र सदस्य? आणि गणवेशवाले काका? त्यांचं कंत्राट दरवर्षी तुझ्या सहीनं होतं, ते तुला नाही कसं म्हणतील? हसू नकोस, मी खरंच चिडले आहे.

मग मतदानाची वेळ आली. मुलीचा विषय म्हणून अध्यक्षसाहेब, म्हणजे तू, नियमाप्रमाणे उठून बाहेर आलास. खरं सांगते, मला तुझा अभिमानच वाटला. पण त्या खोलीचं दार आहे काचेचं. तू बाहेर चष्मा पुसत उभा होतास, कुणाला खूण नाही की काही नाही. बाकावर मी आणि उपमुख्याध्यापिका बाई, दोघी उमेदवार शेजारी-शेजारी. आणि आत एकेक जण आधी काचेतून तुझ्याकडे बघत होता, मग माझ्या नावाला हात वर करत होता. झाडून सगळे! तुला दिसलं नसेल, आम्हा दोघींना दिसलं. निकाल सांगायच्या आधीच बाईंनी माझा हात हातात घेतला आणि छान काम कर हो, म्हणाल्या. टोमणा असता तर परवडलं असतं, मी भांडले असते. पण मनापासून म्हणाल्या रे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय. त्यांनी मला निवडलं, की तुझ्या मुलीला? मीच योग्य असेनही. बाईंपेक्षा कांकणभर सरसच, असं मला वाटतं, बघ किती आगाऊ आहे मी! पण हे मला सांगणार कोण? तू? तू तर माझ्या पहिलीतल्या रेघोट्यांनाही वा वा म्हणायचास. उद्या एखाद्या शिक्षकाला माझं चुकलेलं दिसलं, तर तो तोंड उघडेल का?

या पाकिटात मंडळासाठी दुसरा कागद आहे. मी नेमणूक नाकारली आहे. निवड पुन्हा होऊ दे, पण आपल्या घराचा उंबरा कधी न ओलांडलेल्या बाहेरच्या माणसांकडून. मी पुन्हा अर्ज करीन. त्या दिवशी तू शाळेकडे फिरकूसुद्धा नकोस. आणि बाई निवडल्या गेल्या, तर मी ढसाढसा रडेन, चार दिवस तुझ्याशी धड बोलणारही नाही. तरीही हे कर, बाबा.

तुझीच,
भांडखोर लेक