बायकोने उघडलेला हीटर

२६ ऑक्टोबर २०१५, सोमवार
सकाळी आंघोळीच्या पाण्याचा गॅस हीटर बंद पडला. टक टक टक आवाज येतो, ज्योत पेटत नाही. जयवंती डोक्याला शांपू लावून बाथरूममधून ओरडली. मी शांत. इंजिनरूममध्ये आग लागली तरी शांत असायचो.

ती म्हणाली, घरमालकांना फोन कर, मिस्टर ओंग माणूस पाठवतील. मी म्हटलं, अगं, मी मरीन इंजिनिअर आहे. या अख्ख्या फ्लॅटएवढे बॉयलर जहाजावर चालवलेत. स्वयंपाकघरामागे भिंतीला टांगलेल्या एवढ्याशा डब्यासाठी माणूस बोलवायचा? सिंगापूरच्या या अख्ख्या बुकित बातोक भागात हसं होईल.

ती म्हणाली, जहाज सोडून किती वर्षं झाली? हल्ली तू फक्त स्पेअर पार्ट्सच्या ईमेली करतोस.

हा मुद्दा इथे गैरलागू आहे.

संकल्प: रविवारी दुरुस्ती. दहा तारखेला नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नान गरम पाण्यानेच होणार. तसा शब्द दिला आहे.

२८ ऑक्टोबर
किमया गार पाण्याने आंघोळ करून थरथरत बाहेर आली. म्हणाली, पा, जस्ट कॉल समबडी लाह. तेरा वर्षांची मुलगी, सिंगापुरात वाढलेली, कष्ट माहीत नाहीत. तिला सांगितलं, बाहेर हेझचा, इंडोनेशियातल्या जळत्या जंगलांचा धूर आणि आत गार पाणी, अशानेच माणूस घडतो. तिने विचारलं, मग तू किटली घेऊन बाथरूममध्ये का जातोस?

ते टेस्टिंग होतं.

१ नोव्हेंबर, रविवार. सकाळ
कव्हर काढलं. वर स्टिकर होता, लायसन्स असलेल्यांनीच उघडावे. अशा सूचना सामान्य लोकांसाठी असतात. आत सगळं जहाजासारखंच. म्हणजे पाइप वगैरे.

दुपार
साफसफाई करून पुन्हा जोडला. एक वॉशर आणि एक स्प्रिंग उरली. जुन्या डिझाइनमध्ये जरा जास्तीचं सामान घालत असत.

चार वाजता
ज्योत पेटली! मग विझली. पण सुधारणा आहे.

पाच वाजता
जयवंती म्हणते, वास येतोय. तिचं नाक पहिल्यापासून तिखट. मी म्हटलं, उदबत्ती लावतो, जाईल वास. तिने माझ्या हातातली काडेपेटी हिसकावली, गॅसच्या पाइपवरचा नळ बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मला आणि किमयाला जिन्यात ढकललं. नाटकी स्वभाव. पण तेवढ्यात शेजारच्या मिसेस लिमनाही वास आला आणि त्यांनी गॅस कंपनीला फोन केला.

संध्याकाळ
गॅसवाले येऊन गेले. मीटरचा व्हॉल्व्ह बंद करून लाल टॅग लावला. लायसन्सवाला इंजिनिअर तपासेपर्यंत गॅस बंद. शेगडीसुद्धा. एका अर्थी आपलं घर आता ब्लॉकमधलं सर्वांत सुरक्षित घर आहे. हे जयवंतीला बोलून दाखवलं. तिने ऐकलं नसावं.

३ नोव्हेंबर
चकलीचं पीठ तयार, शेगडी बंद. जयवंती ऑफिसातून आली आणि पिठाचा डबा घेऊन एमआरटीच्या ट्रेनने हौगांगला स्मिताकडे तळायला गेली. बेटाचं हे टोक ते ते टोक. मी म्हटलं, तेवढंच मैत्रिणीकडे जाणं होतं. मी स्वतः हॉकर सेंटरमध्ये जेवून दिवस काढतोय, त्याबद्दल कोणी विचारत नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार
ओंगांनी पाठवलेला इंजिनिअर आला. मिस्टर गोह. जवळच राहतो. गळ्यात जाड साखळी, मोबाइलवर फुटबॉलची मॅच चालू, बडबड अखंड. मी मरीन इंजिनिअर असल्याचं दारातच सांगून टाकलं. बरोबरीच्या नात्याने बोलणं व्हावं म्हणून. तो वा वा म्हणाला.

मग त्याने कव्हर काढलं. मॅच बंद केली. विचारलं, हे कोणी उघडलं?

संकटात निर्णय क्षणात घ्यावा लागतो. इंजिनरूममध्ये हेच शिकवतात. मी म्हटलं, माझ्या बायकोने.

जयवंती दारातच उभी होती, त्याच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन. गोह तिच्याकडे वळला. मॅडम, यू वॉन्ट टू डाय, इज इट? होल ब्लॉक ऑल्सो डाय, इज इट? नवरा घरात मरीन इंजिनिअर, त्याला विचारायला काय झालं होतं? बराच वेळ चाललं. जयवंतीने माझ्याकडे पाहिलं. मी हीटरकडे पाहिलं. मग तिने ग्लास ओट्यावर ठेवला आणि गोहला म्हणाली, सॉरी, पुन्हा नाही होणार.

केवढा समजूतदारपणा! तसंही नवरा-बायको एकच. कोणी उघडला हा निव्वळ तांत्रिक प्रश्न आहे.

हा हीटर गेला म्हणे. सोमवारी नवा बसवणार.

६ नोव्हेंबर
जयवंती बोलत नाही. म्हणजे बोलते, पण ‘किल्ली घेतलीस का’, ‘छत्री ने’ एवढंच. ऑफिसचं टेन्शन असणार. तिला लिटिल इंडियात नेऊन साडी घ्यावी. बघू.

ओंगांचा मेसेज आला. गोहने सगळं सांगितलंय. डिसेंबरमध्ये करार संपतो, बायको गॅसशी खेळत असेल तर पुढे फ्लॅट देण्याचा विचार करावा लागेल. किमयाची शाळा इथून चालत. मेसेज जयवंतीला दाखवला. ती म्हणाली, मग सांग त्यांना. मी म्हटलं, काय सांगू? ती म्हणाली, तुला माहीत नाही?

बायका कोड्यात बोलतात.

७ नोव्हेंबर
ओंगांना उत्तर पाठवलं. माझ्या पत्नीला मनापासून पश्चात्ताप झाला आहे, गॅसचे धोके मी तिला नीट समजावून दिले आहेत, यापुढे तिच्यावर लक्ष ठेवीन. इंग्रजी झकास साधलं. किमयाने मागे उभं राहून वाचलं. खोलीत गेली आणि दार आपटलं. वयच तसं.

९ नोव्हेंबर, सोमवार
गोह नवा हीटर घेऊन आला. सोबत ओंग स्वतः. गोह कामाला लागला, ओंग सोफ्यावर बसले आणि जयवंतीला समोर बसवून सावकाश एकेक शब्द सुटा करत सांगू लागले. गॅस. इज. व्हेरी. डेंजरस. जयवंती अर्धा दिवस रजा टाकून घरी होती. मान खाली घालून पणत्या पुसत होती. मी मधून मधून मान डोलावत होतो, ओंगांच्या बाजूने.

एवढ्यात किमया बाहेर आली. शाळेत भाषण करतात तशी सरळ उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, अंकल, माय मम नेव्हर टच एनीथिंग. हीटर पा-ने उघडला. वास आल्यावर पा काडी ओढणार होता. मम्मीने काडेपेटी हिसकावली आणि आम्हाला बाहेर काढलं. नाहीतर होल ब्लॉक डाय लाह.

गोहच्या मोबाइलवर कोणीतरी गोल केला.

गोहने पाना खाली ठेवला. यू मरीन इंजिनिअर, हाह? असं म्हणून जो हसत सुटला, तो मिसेस लिम काय झालं म्हणून बघायला येईपर्यंत. मग त्यांनाही सांगितलं. मी म्हटलं, तसा तो सामूहिक निर्णय होता. कोणी ऐकलं नाही.

ओंग उठून उभे राहिले. जयवंतीची माफी मागितली, कमरेतून वाकून. म्हणाले, करार पुढे चालू, पण मॅडमच्या नावावर. गोहनेही सॉरी म्हटलं. जयवंतीने दोघांना चकल्या दिल्या. बशी माझ्यासमोरून गेली.

हीटर चालू झाला. म्हणजे मूळ उद्दिष्ट साध्य.

१० नोव्हेंबर, नरकचतुर्दशी
सुट्टी. गरम पाणी हवं तितकं. शब्द पाळला.

जयवंतीने किमयाला तेल-उटणं लावलं, किमयाने तिला. बाथरूमजवळ दोघींचं हसणं. मी पंचा नेसून हॉलमध्ये पाटावर बसून राहिलो. दरवर्षी तेल जयवंतीच लावते. मला काही बोलावं लागत नाही.

ती केस पुसत आली. तेलाची वाटी माझ्या पाटाशी ठेवली. मी म्हटलं, आणि पाठ? ती म्हणाली, तूच लाव. सांगताना सांग, बायकोने लावलं.

जयवंती नवी साडी नेसली आणि दोघी बिशानला मैत्रीण अनघाकडे फराळाला गेल्या. म्हणाल्या, तू ये मागून, आलास तर.

वरून हात नेऊन पाहिला, खालून नेऊन पाहिला. उलथन्याला फडकं बांधूनही पाहिलं. मधली वीतभर पाठ राहते ती राहतेच.

उद्यापासून योगासनं.