आवाज आमच्याकडचा गेला होता

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? भावजींना म्हणावं, खोकला अंगावर काढू नका. इकडे आम्ही दोघं ठीक, संगणक तेवढा आजारी होता.

तुला ठाऊकच आहे, लेकीने बँकेतली नोकरी सोडून मातीची भांडी घडवायला घेतल्यापासून मी तिच्याशी बोलत नाही. (तीच माझ्याशी बोलत नाही, असं हिचं म्हणणं.) दर रविवारी ती आईला व्हिडिओ कॉल करते तेव्हा मी कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसतो. वाचत असतो, असं समज. मागे एका रविवारी पोरीचे ओठ हलताहेत आणि आवाज शून्य. आता वर्तमानपत्राआडून ओठ कसे दिसणार? तेव्हा केवळ हिची गैरसोय नको म्हणून मी दुरुस्ती हाती घेतली.

कुठेसं वाचलं की आवाजाचा ड्रायव्हर काढून पुन्हा घालावा. (संगणकाला स्पीकरशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, मलाही नुकतंच कळलं.) जुना काढला. नवा घातला तो भलत्याच संगणकाचा निघाला. तो काढता काढता माउस बंद पडला. "दुकानात न्या," ही म्हणाली. मी म्हटलं, आयुष्यभर वीजकेंद्र सांभाळलं, हा डबा काय चीज आहे?

पुढच्या रविवारी कॉल लागला, आवाज नव्हताच. मी टेबलाखाली वायरी चाचपत हिच्याकडे कुरकुरत होतो, "पोरगी इथे असती तर चुटकीसरशी केलं असतं. हुशार आहे ती. भांडीही सुरेख करते. पण आता कुठल्या तोंडाने विचारू?" वर आलो तर पडद्यावर लेकीने कागद धरलेला: 'बाबा, आवाज तुमच्याकडचा गेलाय. मला सगळं ऐकू येतंय.'

ताई, पुन्हा टेबलाखाली जावं असं फार वाटलं.

मग ती एकेक कागद दाखवत गेली, मी मुकाट्याने बटणं दाबत गेलो. शेवटी ड्रायव्हरचा दोष नव्हताच. संगणक आवाज पडद्याकडे पाठवत होता आणि आमच्या पडद्याला स्पीकरच नाही. तेवढी निवड बदलली आणि खोलीभर तिचा आवाज आला, "बाबा, आता येतंय ऐकू?" मी "हो" म्हणालो. पुढे बराच वेळ बोललो. काय ते हिला विचार. चष्मा पुसण्यात माझं निम्मं निसटलं.

तुझा,
धाकटा

ता. क. संगणक आता ठणठणीत आहे.

पुन्हा ता. क. लेकीला मात्र मी कळवलंय की आवाज पुन्हा गेला, आणि या खेपेला कागद दाखवून भागणार नाही. शनिवारी येतेय ती. मध्ये तिचा तुला फोन आलाच, तर वरचा ता. क. तू वाचलेला नाहीस.