ढब्बूसाठी लावलेली पाटी

३ फेब्रुवारी

चि. बंड्यास,
अ. आ.

उघड्यावरच्या टेबलांशी कुत्री चालतील, असा नगरपालिकेने नियम केला आणि ह्यांच्याशी भांडून मी आपल्या खानावळीच्या अंगणात तशी पाटी लावली. मागे तुझ्या ढब्बूला फाटकाबाहेर बांध म्हटलं, तर तू भरल्या ताटावरून उठून गेलास. तेव्हापासून माझ्या हातचं जेवला नाहीस. आता रुसायला जागा उरली नाही. रविवारी दोघं या.

इथे मात्र डोक्याला ताप झालाय. काल वाढपी एका कुत्र्याच्या साखळीत अडकून सूपच्या भांड्यासकट आडवा झाला. एका बाईंनी कुत्र्याला खुर्चीत बसवून आमच्याच ताटात भरवलं. मी हटकलं, तर तो माणसांपेक्षा स्वच्छ आहे म्हणाल्या. हे पाटीकडे बघत सांडलेलं सूप पुसत राहिले. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

छापखान्यात ऐन वेळी काम निघालं, म्हणून जमलं नाही. पुढच्या खेपेस नक्की बघतो. साखळ्यांसाठी भिंतीत कड्या ठोकून घे. आणि त्या बाईंना सांग, कुत्रा स्वच्छ असेल तर ताट त्यालाच घासू दे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बंड्या

२४ फेब्रुवारी

चि. बंड्यास,
अ. आ.

कड्या ठोकल्या. तू पुन्हा आला नाहीस. रोज दुपारी जेवायला येणारे आपले म्हातारे मास्तर यायचे बंद झाले. लहानपणी कुत्रा चावलेला, अजून घाबरतात. मला म्हणाले, अंगण तुमचं आहे, माझी तक्रार नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी हे बोललेच, की ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केलास त्याला त्याचं काही आहे का? याचं उत्तर तू दे.

आज लोभाचं काही लिहीत नाही.
ताई

२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कामाचं खोटं सांगितलं. ढब्बूचे मागचे पाय गेलेत. जिन्यावरून मी त्याला उचलून खाली नेतो. प्रवास त्याला झेपणार नाही, म्हणतात डॉक्टर. घरी एकटा राहिला की रडतो, शेजारी तक्रार करतात. तू इतकं करून बसलीस, मग कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

रागाव, पण टाकू नकोस.
बंड्या

३ मार्च

चि. बंड्यास,
अ. आ.

मूर्खा, हे आधी कळवलं असतंस तर पाटी तेव्हाच उतरवली असती, मास्तर तरी तुटले नसते. काल त्यांच्या घरी जाऊन आले. आत बसून जेवा म्हटलं, तर बघू म्हणाले. पाटी ठेवायची की काढायची, यावर ह्यांचं-माझं अजून भांडण चालू आहे. कुत्रीवाल्यांना सवय लागली, काढली तर तेही माझ्याच नावाने ओरडतील.

रविवारी खानावळ ह्यांच्यावर टाकून डबा घेऊन तुझ्याकडे येतेय. तिघं मिळून जेवू. ढब्बूला चावता येतं की भात गुरगुट्या करून आणू, ते उलट टपाली कळव.

तुम्हा दोघांची,
ताई