बारदान वजा

सेलू, ११ जानेवारी १९८७
ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.
अंगणात बसून आपण शेंगा फोडायचो, आठवतं? तुम्ही इंग्रजी कविता म्हणायच्या, मी दाणे खाऊन टोपलीत टरफलंच टाकायचो.

जिनिंगमध्ये कापसाची आवक जोरात आहे. परवा माझी वजनात चूक झाली. मॅनेजरनं मलाच काट्यावर उभं केलं. शेतकऱ्यांना म्हणाला, पोत्याचं करता तसं याचंही बारदान वजा करा, मग बघा काय उरतं. लोक हसले. आता रोजच चाललंय. जातीचं नाव घेत नाही, तेवढा हुशार आहे. मलाही वाटायलंय, काही उरत नसावं.

आता मात्र निवांत आहे. सायकल माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या भुजंगला दिली. दत्तराव कंडक्टरच्या हाती रेडिओ आणि घड्याळ पाठवतोय. रेडिओ तुम्हाला. घड्याळ बाबांना द्या.
आपला सूर्यभान

सोनपेठ, १२ जानेवारी
चि. सूर्यभान यास अनेक आशीर्वाद.
दत्तरावांच्याच हाती पत्र देते आहे. वाच आणि त्यांच्याच गाडीत बस. तोवर भुजंग तुला एकटं सोडणार नाही, तसा निरोप दिलाय.

ज्या सायकलीला बापाला हात लावू देत नव्हतास, ती देऊन टाकलीस आणि निवांत म्हणतोस? सरळ विचारते, जीव द्यायचं मनात येतं का? काहीही सांग, मी रागावणार नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर मला बाकावर उभी करायच्या, तेव्हा वाटायचं, खोट माझ्यातच आहे. नव्हती रे. आणि तो काटा कापसाचा आहे, बाळा.
वाट बघणारी, आत्या

सोनपेठ, २ मार्च
ती. किशनदादास,
सप्रेम जयभीम.
तुमचा लेक आल्या दिवशी, जीव द्यायचं मनात होतं का या माझ्या प्रश्नाला हो म्हणाला आणि खूप रडला. मी नुसती ऐकत बसले. परभणीचे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. औषध चालू आहे. आता जेवतो, भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरतोही. इथल्या खताच्या दुकानात काम बघितलंय, मालक हळू बोलणारा आहे. नोकरी सोडली म्हणून त्याला बोलू नका.

आता वाटणी ऐका. सोबतचा राजीनामा मॅनेजरला, तुम्ही स्वतः द्या. सायकल भुजंगकडून घेऊन गाडीच्या टपावर टाका, ती सूर्यभानची. घड्याळ तुम्हाला मिळणार नाही, ते त्याच्या मनगटावर आहे. रेडिओ मात्र माझा. बातम्या ऐकायच्या असतील तर त्यानं रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसावं.
तुमची माया अशीच राहो.
सत्यशीला