पंचवीस किलोमीटरचे बूट

३ जानेवारी
वनरक्षक भरतीची चालायची टेस्ट तीन आठवड्यावर. पंचवीस किलोमीटर, चार तास. मार्चमध्ये माझं भरतीचं वय संपते, म्हणजे ही शेवटची भरती. टेन्शन नाही. बूट चांगले पायजे, बस.

५ जानेवारी
पुसदले अब्रारभाईच्या बुटाच्या दुकानात गेलतो. म्हणे, लांब चालाले जाळीच्या कापडाचे घे, हवा लागते, तळ रबराचा. चामडं गरम होते. जाळीचा माल पडून असन त्याचा. मी जाड चामड्याचेच घेतले.
निघताना म्हणे, आता पंधरा दिवस घरात घालून फिर, पायाले बसू दे. म्हणजे एकदा घातले का वापस कराले तोंड नाही. मी काय आज पैदा झालो?

६ जानेवारी, सकाळी
रेक्झिन तर नाही? आतल्या कोपऱ्याले पेटती काडी लावून पाह्यली. वास चामड्याचाच आला. म्हणजे भानगड दुसरीच असन.

११ जानेवारी
शेजारचा नयनही याच भरतीले आहे. रोज पहाटे जुन्या कॅनव्हासच्या बुटात दिग्रस रोडनं चालून राह्यला. मलेही चल म्हणे. बूट पाहाले आला असन. आलमारीले कुलूप लावलं.

१६ जानेवारी
आई म्हणे, तू चालत काहून नाही? म्हटलं, स्लीपरवर प्रॅक्टिस सुरू आहे. पानठेल्यापर्यंत आहे, पण रोज आहे. आताच बूट झिजवले तर टेस्टले काय घालू?

२४ जानेवारी
आज टेस्ट. चार किलोमीटरपर्यंत मीच पुढं. सातव्याले टाच सोलली. अकराव्याले खाली बसलो. मोजे लाल. नयन थांबला, पाणी देलं. मले वाटलं मजा पाहून राह्यला. जाय म्हटलं. मग तो पळतच गेला.
नयन पास. तीन मिनिट बाकी होते.

२७ जानेवारी
बूट वापस कराले अब्रारभाईकडे गेलो. म्हटलं, अकरा किलोमीटरच वापरले, नवेच आहेत. त्यानं बूट पाह्यलेच नाही. मले स्टुलावर बसवलं, टाच पाह्यली, मलम लावलं. हासला नाही. अजून कोणती भरती आहे का, विचारलं. गिऱ्हाइकासमोर रडलो.
म्हणे, सोमवारपासून दुकानात ये, मले माणूस पायजे.
काहून बोलावलं असन? घरापर्यंत तोच विचार केला. काही सापडलं नाही. सोमवारी जातो.