माझ्या वाटणीचा शिरा

नेरूळ, शुक्रवार
(तारीख श्रुती कॉलेजातून आली की घालील.)

चि. सौ. भिमा हिस,

थोरल्या आक्काचा पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे, पाहुण्यांचा खोकला आणि त्या मारक्या म्हशीची तब्येत कशी आहे ते कळव. आमचं विचारशील तर आम्ही खुशाल आहोत. पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहीत नाही गं, ह्या खेपेला खरोखरच खुशाल आहोत. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि दिसतंय! काल कॅलेंडरवरच्या गणपतीचा उंदीर दिसला म्हणून मला हाताला धरून दाखवायला नेलं. एसटीडीवरून कळवणार होते, पण तिथं बोलायला लागलं की समोरच्या डब्यातले लाल आकडे असे पळतात, की मला काय सांगायचं तेच सुधरत नाही. म्हणून श्रुतीच्या वहीचे कागद फाडून लिहायला बसले. शाळा तिसरीपर्यंतची, वेलांट्या जिथं जातील तिथं जाऊ देत. तुझ्या सुनेकडून वाचून घे, पण तिला म्हणावं हळू आवाजात वाच, कारण पुढं माझी फजिती आहे.

तर ह्यांच्या डोळ्यात मोती वाढत चाललेला. पावणे गावातल्या कारखान्यात इतकी वर्षं पहाऱ्याला होते, लांबून माणसाची चाल बघून नाव सांगायचे, आणि आता पेपर तोंडापाशी धरूनही मथळा लागेना. मग मी एकेक अक्षर जुळवून वाचायची, आणि माझी ओळ संपायच्या आत हेच पुढची बातमी मनानं सांगून मोकळे व्हायचे. (निम्म्या वेळी बरोबर असायची. पुढाऱ्यांच्या बातम्या असतातच अशा.) दिवाळीच्या आधी एकदा मी चहा घेऊन गेले तर मला म्हणाले, “या मालतीबाई, बसा.” मालतीबाई म्हणजे आमची कोळीण, दिवाळे गावाहून मासळी घेऊन दारावर येते, माझ्या दुप्पट आहे. मी हसले, चहा दिला, आणि आत जाऊन उगीचच तांदूळ निवडत बसले. साधारण तेव्हापासूनच माझी भूकही कमी झाली. जेवायची मी दोन वेळा, पण आपलं ताट वाढलंय म्हणून. वय झालं, दुसरं काय, म्हणून मी सोडून दिलं.

आता सायकलीचं ऐक. आमच्या नंदकिशोरनं स्वतःचं पोट उतरवायला एक सायकल आणली. रबाळ्याला त्याच्या ऑफिसातल्या कुणाला तरी नको झाली होती. ही सायकल जागची हलत नाही. चाक एकच, तेही जमिनीला लागत नाही. नंदूनं चार दिवस मारली, मग तिच्यावर टॉवेल वाळत पडायला लागले. तेवढ्यात माझ्या गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजी, हालचाल पाहिजे. पूर्वी आम्ही दोघं सकाळी तलावापर्यंत जाऊन यायचो, पण आता ह्यांना रस्त्यातले खड्डे दिसेनात, आणि ह्यांना घरात एकटं टाकून मी कुठं जाऊ? म्हणून टॉवेल काढले आणि मीच चढले. तुला म्हणून सांगते, नऊवारीसारखं सायकलीचं वस्त्र नाही. सूनबाई अरुणा गाऊनवर बसली होती, तिचा गाऊन साखळीत गेला. मी कासोटा मारून बसले ती थेट मैदान मारल्यासारखी. हे शेजारी खुर्ची टाकून बसायचे. बाल्कनीत दोघं, एकाच जागी, पण आपलं बरोबर फिरल्यासारखं वाटायचं.

त्या सायकलीला पुढं घड्याळासारखं एक यंत्र आहे, त्यात आकडे चढतात. मला वाटलं मैल असतील. श्रुती म्हणाली, “आजी, त्या कॅलऱ्या आहेत. तू एवढ्या जाळल्यास.” मी पाय काढून घेतले. अगं, सकाळच्या पारी घरात काही जाळलं म्हटलं की कसं वाटतं! मग तिनं समजावलं की आपण खातो त्याच्या कॅलऱ्या होतात, हातपाय हलवले की त्या जळतात. आणि वर म्हणाली, “जेवढ्या जाळल्यास तेवढ्या परत खायच्या, नाहीतर वीकनेस येईल. टेन्शन नको घेऊ, एक केळं म्हणजे साधारण शंभर.” अरुणा स्वयंपाकघरातून म्हणाली, “परत खायचं तर मग जाळायचं कशाला? त्यापेक्षा बसून राहा ना!” नंदू म्हणाला, अर्धं खावं. (ह्याचं लहानपणापासून असंच. कुणीकडून विचारा, हा मध्ये उभा.) तिघांची अशी जुंपली की त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजल्या नाहीत आणि भाताची पेज झाली.

मला श्रुतीचं पटलं. अंगातून गेलं ते अंगात परत घालायला नको का? बाळंतिणीला आपण घालतोच की. पण भिमा, भूक नाही तर खायचं कसं? पहिल्या दिवशी केळं खाल्लं, ते दुपारपर्यंत इथंच, गळ्याच्या खाली बसून राहिलं. दुसऱ्या दिवशी सोललं आणि हातात धरून बसले. हे म्हणाले, “वास केळ्याचा येतोय.” मी म्हटलं, माझ्या वाटणीचं आहे, जात नाही. आणि ते म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तूच सांग, वटपौर्णिमेला उपास कोण करतं? आपण. फेऱ्या कोण मारतं? आपण. (इथं सोसायटीत बायका वडाची फांदी कुंडीत खोचून तिच्याभोवती फिरतात, वॉचमन फांदी धरून उभा. ते असो.) आणि आयुष्य कुणाचं वाढतं? त्यांचं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा हिशेब कुणी खोटा म्हटला नाही. मग सायकल मी मारली आणि खाल्लं ह्यांनी, तर ते मला का पोचू नये? नवरा-बायको म्हणजे एकच अंग, असं लग्नात भटजींनी अग्नीसमोर सांगितलेलं. मी केळं ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी दोन घासांत संपवलं.

तिथून जी गाडी सुरू झाली! आकडा थोडा चढला तर केळं, बरा चढला तर शेंगदाण्याचा लाडू, आणि भरपूर चढला तर शिरा, साजूक तुपातला. सगळी ऑफिसला-कॉलेजला गेली की आम्ही दोघंच. आता तू म्हणशील, आक्का, दाजींची साखर काठावर आहे असं तूच मागं लिहिलं होतंस. होतं ना. म्हणून तर त्यांना चहा बिनसाखरेचा, भात मोजका, गोड बंद. पण ते पथ्य त्यांच्या वाटणीला. माझ्या वाटणीला कुठं पथ्य होतं? शिरा माझा होता, ते फक्त खात होते. (आता लिहिताना हे बरोबर दिसत नाही, पण तेव्हा अगदी सरळ दिसत होतं.)

हे तर इतके रमले की मी सायकलीवरून उतरायला लागले की काळजी करायचे. “एवढ्यात उतरलीस? बरं नाही वाटत का?” आकडा दिसत नसे, म्हणून मला विचारायचे आणि म्हणायचे, “हा तर केळ्यापर्यंतच आला गं. आणखी जरा मार, शिऱ्यापर्यंत ने.” आणि मीही नेत होते. डोळ्यांपायी माणूस असा कोपऱ्यात बसलेला, दिवसभरात तेवढंच तोंडावर हसू. काय बिघडलं म्हटलं.

बिघडलं ते आधी मालतीबाईच्या लक्षात आलं. दारात बोंबील साफ करता करता म्हणाली, “आजी, सायकल तुमी चालवताव नं प्वाट आजोबांचा मोठा व्हतंय, ह्यो काय परकार हाय?” मी तिला वाटा नीट लाव म्हणून सांगितलं आणि विषय बदलला. पण ह्यांच्या शर्टाचं बटन त्याच आठवड्यात दोनदा तुटलं, आणि माझ्या चोळ्या अंगावर लोंबायला लागल्या होत्या.

मग ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधीच्या तपासण्या झाल्या, आणि साखर अशी वर गेलेली की डोळ्याच्या डॉक्टरीणबाई कागद बघून खुर्चीत मागंच टेकल्या. म्हणाल्या, साखर खाली आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही, जखम चिघळली तर आहे तीही नजर जाईल. हे म्हणाले, “जाऊ द्या बाई. आजवर पाहिलं तेवढं पुष्कळ झालं.” भिमा, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खातात काय? अरुणानं सगळं सांगितलं, दोन चपात्या, दुधी, चहा बिनसाखरेचा. बाई म्हणाल्या, “ह्याच्यावर एवढी साखर चढत नाही. घरात गोड कोण देतं?” आणि नंदूनं मान वळवून अरुणाकडं पाहिलं. ती बिचारी सकाळी उठून ह्यांची भाजी वेगळी करते, मग बस पकडते. तिचा चेहरा इतका उतरला की मला राहवेना. मी उठून उभी राहिले (शाळेत मास्तरांपुढं उभं राहायचो ना, तशी) आणि म्हटलं, मी देते. सायकल मी मारते, मला भूक नसते, म्हणून माझं हे खातात.

मग सांगितलं सगळं, केळं, लाडू, शिरा, वडाच्या फेऱ्यांसकट. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि तोंडावर रुमाल धरला. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या! पण लगेच नीट होऊन म्हणाल्या, “आजी, फेऱ्यांचं मला माहीत नाही. पण तुम्ही मारलेली सायकल तुमच्याच अंगाला लागते, आणि ह्यांनी खाल्लेला शिरा ह्यांच्याच.” मी म्हटलं, मग माझ्या त्या जळालेल्यांचं काय? भूक नसताना खायच्या की नाही? त्या म्हणाल्या, “जेवण दोन्ही वेळा नीट, पोटभर घ्या. पण यंत्रात आकडा आला म्हणून वर आणखी कोंबायचं नाही. तुम्ही काही शर्यतीला उतरला नाहीत. तुमच्या वयाला घरातली तेवढी सायकल, त्याची भरपाई शरीर मागेल तेव्हा मागेल. त्या यंत्राचा आकडाही अंदाजपंचे असतो.” इतकं हलकं वाटलं गं! महिनाभर मी त्या डबीच्या धाकात होते. घरी आल्यावर पहिल्यांदा तिच्यावर टॉवेल टाकला.

ह्यांना गोळ्या लागल्या, पथ्य दोन्ही वाटण्यांना लागू झालं, आणि घासाघासाला अरुणाचा पहारा. नंदूनं अरुणाची माफी मागितली. (अर्धी. पण मागितली.) साखर उतरेपर्यंत मी रोज देवापुढं बसायची आणि म्हणायची, फेऱ्यांचं पुण्य नाही पोचलं तरी चालेल, शिऱ्याचं पाप तेवढं पोचू देऊ नकोस. शेवटी उतरली, आणि ऑपरेशन झालं.

पट्टी सोडली तेव्हा आम्ही सगळे पलंगाभोवती. ह्यांनी आधी डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं, मग नंदूकडं, मग माझ्याकडं. आणि बघतच राहिले. मला वाटलं, आता पुन्हा मालतीबाई म्हणतात की काय. तर अरुणाला म्हणाले, “सूनबाई, हिला घरात कुणी खायला घालत नाही का? केवढी वाळलीय!” अरुणा हसता हसता रडायला लागली. मी पदर सारखा केला, दुसरं काय करणार.

तर असं झालं. लहानथोरांना माझे आशीर्वाद, म्हशीपासून जपून राहा, आणि इकडची काळजी आता सोडून दे, मीही सोडलीय.

तुझी
पुतळाआक्का

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. सितारामपाहुण्यांना पंधरा दिवस इकडं पाठवून दे. ह्यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि हे माझं ऐकत नाहीत. पण साडू शेजारून चालायला लागला की ह्यांच्यानं दमलो म्हणवणार नाही. भांडले तरी चालेल, चालता चालता भांडू देत.

आणखी एक ता. क. पाहुण्यांना लवकरच पाठव. आज सकाळी हे मला म्हणाले, “मी चालतो कशाला, तूच सायकल मार माझ्या नावानं. फेऱ्या पोचतात ना?”

शेवटचा ता. क. वर लिहायची लाज वाटली, म्हणून इथं. पट्टी सुटली त्या दिवशी घरी आलो. अरुणा बाजरीच्या भाकरी थापत होती, मेथीची भाजी झालेली. आणि मला भूक लागली. अशी लागली की पानं मांडेपर्यंत दम निघेना. चुलीपुढं लहानपणी बसायचो तशी ओट्याखाली फरशीवर बसले आणि तव्यावरची भाकरी हातावर घेऊन खात सुटले. किती खाल्ल्या ते मोजलं नाही. श्रुती म्हणाली, “आजी, आज तर तू सायकल मारलीच नाहीस!” हे समोर स्टूल घेऊन बसले होते, काळा चष्मा लावून. म्हणाले, “तिला खाऊ दे. आणि तू बाजूला हो, मला दिसत नाही.”